सहा तास पंचावन्न मिनिटे : अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाच्या जंतुसंसर्गाचे प्रकरण

नवजात अतिदक्षता विभागात एखाद्या बाळाच्या जंतुसंसर्गाचे निदान लांबले, की अहवाल उशिरा आला असणार, असे आपण सहज धरून चालतो. या प्रकरणात अहवाल वेळेवर आला होता आणि तो चांगलाही होता. उशीर दुसरीकडे झाला. बाळातील बदल सर्वांत आधी जिच्या लक्षात आला, तिने तो बोलून दाखवल्यापासून प्रतिजैविकाचा पहिला डोस बाळाच्या शिरेत जाईपर्यंत ६ तास ५५ मिनिटे गेली. हा वेळ कुठे आणि कसा गेला, याचा शोध येथे घेतला आहे.

प्रकरण प्रशिक्षणासाठी मांडलेले आहे. त्यातील बाळ, आई किंवा कर्मचारी म्हणजे कोणी एक खरी व्यक्ती नव्हे. अनेक बाळांच्या शुश्रूषेत पुन्हा पुन्हा दिसलेल्या गोष्टी एका घटनेत गुंफल्या आहेत. उपचार आणि मात्रा प्रचलित पद्धतीनुसारच दिल्या आहेत.

जन्म आणि पहिले अकरा दिवस

गर्भारपणाच्या सत्ताविसाव्या आठवड्यात आईचा रक्तदाब औषधांना दाद देईनासा झाला आणि प्रसूती लवकर करावी लागणार, हे स्पष्ट झाले. प्रसूतितज्ज्ञांनी नवजात विभागाला दोन दिवस आधीच कळवले होते आणि पुढे जे काही बरे घडले, त्याचा पाया या पूर्वसूचनेने घातला. आईला बीटामेथासोनची १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने २४ तासांच्या अंतराने देता आली. प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइड दिल्यास बाळाच्या फुप्फुसांची वाढ लवकर होते, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली न्यूझीलंडमधून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. इतक्या स्वस्त आणि साध्या उपायाने इतकी बाळे वाचल्याचे उदाहरण आमच्या शाखेत दुसरे क्वचितच सापडेल. बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही दिले गेले.

शस्त्रक्रियेने मुलगी जन्माला आली. गर्भावस्था २७ आठवडे ३ दिवस, वजन ९२० ग्रॅम. नाळ ६० सेकंद थांबून कापली. बाळाला न पुसता थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, डोक्यावर टोपी घालून वॉर्मरखाली घेतले, आणि विभागात आणल्यावर तिचे तापमान ३६.७ अंश सेल्सिअस होते. ती स्वतः श्वास घेत होती, पण छाती आत ओढली जात होती. नाकावाटे दाबाची हवा देणारा सीपॅप लावूनही प्राणवायूची गरज वाढत गेली, तेव्हा श्वासनलिकेत एक बारीक नळी घालून सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या पिशव्या मिटू न देणारे द्रव्य, दिले आणि नळी लगेच काढून घेतली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांत हे द्रव्य कमी असते, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले होते. श्वासाचा विसर पडू नये म्हणून कॅफीन सुरू झाले. नाभीतील शिरेतून घातलेल्या लाइनमधून पोषणद्रव चालू झाला, आणि आईच्या पहिल्या चिकाचे थेंब काही तासांतच बाळाच्या गालाच्या आतून लावण्यात आले.

सहाव्या दिवशी नाभीची लाइन काढून हाताच्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेली बारीक लाइन घातली. विभागात तिला सगळे ‘पिक लाइन’ म्हणतात. दूध हळूहळू वाढवत नेले. बाराव्या दिवशी सकाळी ती दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटर दूध नळीने पचवत होती. वजन ९४५ ग्रॅम म्हणजे जन्मवजनाच्या वर गेले होते, आणि श्वास थांबण्याचे प्रसंग दिवसाला एक-दोनच उरले होते. सकाळच्या राउंडमध्ये पिक लाइन काढण्याचा विषय निघाला. दूध आणखी एक दिवस टिकू द्यावे आणि लाइन उद्या काढावी, असे ठरले. या ‘उद्या’कडे पुढे परत यावे लागेल.

चौथ्या दिवसापासून आई रोज दोन वेळा बाळाला सीपॅपसकट छातीशी घेऊन बसत असे. १९७८ साली बोगोटा येथे एडगार रे यांनी बाळांना उबदार ठेवणाऱ्या काचेच्या पेट्यांच्या (इन्क्युबेटर) टंचाईमुळे सुरू केलेली ही कांगारू पद्धत आज टंचाईवरचा तोडगा राहिलेली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील चाचणीत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू काळजी दिल्यावर २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलेले दिसले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही काळजी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करण्याची शिफारस केली. या पद्धतीचा एक परिणाम मात्र कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. रोज चार-पाच तास बाळ जिच्या उघड्या छातीवर असते, तिला त्या बाळाचे वजन, हालचाल, श्वासाची लय आणि अंगाची ऊब विभागातल्या कोणाहीपेक्षा जास्त ओळखीची होते. आपण आईला विभागात बोलावतो ते ऊब आणि दूध देण्यासाठी; ती तिथे निरीक्षकही असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

बाराव्या दिवसाची संध्याकाळ आणि रात्र

संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी कांगारूची वेळ संपली. बाळाला पेटीत ठेवता ठेवता आई दिवसपाळीच्या परिचारिकेला म्हणाली, “सिस्टर, आज ती माझं बोट धरत नाहीये. नुसती पडून होती.” परिचारिकेने मॉनिटरकडे पाहिले. हृदयाचे ठोके मिनिटाला १६२, प्राणवायूची पातळी ९३ टक्के, कातडीचे तापमान ३६.५. “दमली असेल हो ताई. आता झोपू द्या तिला.” हे उत्तर दुर्लक्षातून आलेले नव्हते. बाळाला त्या दुपारी डोक्याच्या सोनोग्राफीसाठी हाताळावे लागले होते, आणि हाताळणीनंतर अशी बाळे खरोखरच मलूल होऊन पडतात. शिवाय मॉनिटरवरचे सगळे आकडे जागेवर होते. परिचारिकेने तापमान, ठोके, श्वास आणि दुधाची नोंद तक्त्यात केली. आईच्या वाक्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

रात्री ८ वाजता पाळी बदलली. हँडओव्हरमध्ये दूध, लाइन, कॅफीनची मात्रा आणि सोनोग्राफीचा निष्कर्ष सांगितला गेला. आईचे वाक्य सांगितले गेले नाही.

रात्रपाळीची परिचारिका सलग तिसऱ्या रात्री याच बाळाजवळ होती, आणि या प्रकरणात याला फार महत्त्व आहे. साडेनऊच्या सुमारास तिने तीन गोष्टी जुळवल्या. दीड तासात दोनदा बाळाचा श्वास २० सेकंदांहून अधिक थांबला होता आणि दोन्ही वेळा तळपायाला हलके चोळून त्याला जागे करावे लागले होते. दुसरी गोष्ट पेटीतल्या हवेची. अशी पेटी बाळाच्या कातडीचे तापमान ठरवलेल्या आकड्यावर राखते आणि त्यासाठी आतली हवा आपोआप कमी-अधिक गरम करते. बाळाचा आकडा ३६.५ वरच होता; पण तो तिथे राखण्यासाठी आदल्या रात्री ३३.२ अंशांची हवा पुरत होती, त्याऐवजी आता ३४.६ अंशांची लागत होती. बाळ स्वतःची ऊब टिकवेनासे झाले होते आणि यंत्र ती कमतरता न बोलता भरून काढत होते. बाळाच्या तापमानावर धोक्याची घंटा वाजते, हवेच्या तापमानातल्या एवढ्याशा वाढीवर वाजत नाही. म्हणून हा फरक फक्त आदल्या रात्रीचा आकडा आठवणाऱ्या माणसालाच दिसू शकत होता. तिसरी गोष्ट हाताला कळलेली. तिने पेटीच्या खिडकीतून हात घालून हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळव्याला लावली. पोट उबदार होते, तळवा थंड होता.

९ वाजून ४५ मिनिटांनी तिने निवासी डॉक्टरांना फोन केला. ते जुळ्यांच्या प्रसूतीसाठी शस्त्रक्रियागृहाकडे निघाले होते. “श्वास दोनदा थांबला आणि पाय थोडे गार लागतायत,” असे तिने सांगितले. हवेचे तापमान वाढल्याचे तिने सांगितले नाही, कारण फोनवर ते फारच किरकोळ वाटेल, असे तिला वाटले. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, सीबीसी आणि सीआरपी पाठवून ठेवा. रिपोर्ट आला की बघू.” सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि सीआरपी म्हणजे संसर्ग झाल्यावर रक्तात वाढणारे एक प्रथिन. १० वाजून ५० मिनिटांनी अहवाल आला. सीआरपी लिटरला ३ मिलिग्रॅम, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सामान्य. शस्त्रक्रियागृहातून फोनवरच निरोप मिळाला, “रिपोर्ट नॉर्मल आहे, लक्ष ठेवा.”

११ वाजून ४० मिनिटांनी दूध देण्यापूर्वी नळीतून मागे ओढल्यावर ३ मिलिलिटर पिवळसर दूध आले. पोट किंचित फुगलेले होते. ती नळी बंद करत असतानाच श्वास पुन्हा थांबला, प्राणवायूची पातळी ६२ टक्क्यांवर घसरली आणि या वेळी नुसत्या चोळण्याने भागले नाही. मास्क आणि पिशवीने काही श्वास द्यावे लागले. विभागात एक नियम होता. निवासी डॉक्टर उपलब्ध नसतील किंवा उत्तराने समाधान झाले नसेल, तर कोणतीही परिचारिका सल्लागार डॉक्टरांना थेट फोन करू शकते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. नियम भिंतीवर लावलेला होता; तो वापरला मात्र फार क्वचित जाई.

११ वाजून ५५ मिनिटांनी तिने फोन लावला. “मॅडम, सीआरपी नॉर्मल आहे, पण मला हे बाळ आज बरं दिसत नाहीये.” सल्लागारांनी अहवालाविषयी काहीच विचारले नाही. “काल रात्रीपेक्षा काय वेगळं आहे?” असे त्यांनी विचारले. या प्रश्नावर परिचारिकेने हवेच्या तापमानासकट सगळे सांगितले. फोन संपण्यापूर्वीच सूचना झाल्या होत्या : दूध बंद, रक्ताचा कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, हे पाहणारी तपासणी), रक्तातील वायूंची तपासणी, पोटाचा एक्स-रे, आणि कोणत्याही अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक. सल्लागार २५ मिनिटांत विभागात पोहोचल्या.

पुढच्या ४० मिनिटांत जे झाले ते पथक म्हणून कौतुकास्पद होते. कल्चरसाठी १ मिलिलिटर रक्त घेतले. ९४५ ग्रॅमच्या बाळाच्या अंगात सारे मिळून ८० मिलिलिटरच्या आसपास रक्त असते, म्हणजे त्या एका नमुन्यात तिचे एक टक्क्याहून अधिक रक्त गेले; त्याहून कमी घेतले तर जंतू सापडण्याची शक्यता घटते, म्हणून हा खर्च करावाच लागतो. अमिकासिनची मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १४ मिलिग्रॅम आली. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असलेल्या औषधातून ती ०.२८ मिलिलिटर होते. दशांशचिन्ह एक घर सरकले तर २.८ मिलिलिटर, म्हणजे दहापट मात्रा, आणि ती अवघ्या एका लहान सिरिंजमध्ये सहज मावते. म्हणूनच दोन परिचारिकांनी एकमेकींचा हिशेब न पाहता वेगवेगळी आकडेमोड केली आणि मगच उत्तरे जुळवली. दुसरे प्रतिजैविक पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम होते. १२ वाजून ३५ मिनिटांनी पहिला डोस सुरू झाला.

रक्तातील वायूंच्या तपासणीत लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू अपुरा पडत असल्याची खूण, ५.१ इतके वाढलेले होते. कपाळावर बोटाने दाबून सोडल्यावर कातडीचा रंग परतायला चार सेकंद लागत होते आणि ठोके १८८ वर गेले होते. किलोमागे १० मिलिलिटर सलाइन सावकाश दिले, तरीही रक्तदाब सावरला नाही, म्हणून औषधाचा पंप लावावा लागला. २ वाजून १० मिनिटांनी श्वासनलिकेत नळी घालून बाळाला व्हेंटिलेटरवर घेतले. एक्स-रेमध्ये आतडी फुगलेली होती, पण आतड्याच्या भिंतीत हवा, म्हणजे आतडे सडू लागल्याची खूण, नव्हती. पहाटे ३ वाजता दुसरी शीर मिळाल्यावर पिक लाइन काढून टाकली.

पुढचा प्रवास

दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता सीआरपी ६४ आला. आदल्या रात्रीचा ३ आणि हा ६४ यांच्यामध्ये केवळ ११-१२ तासांचे अंतर आहे. दुपारी सव्वाच्या सुमारास, म्हणजे नमुना घेतल्यापासून १३ तासांनी, सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून फोन आला की बाटलीत ग्रॅम-निगेटिव्ह जंतू वाढत आहेत. पुढे ते क्लेब्सिएला न्यूमोनिए असल्याचे निश्चित झाले आणि ते चालू औषधांना दाद देणारे निघाले. प्रयोगशाळेने छापील अहवालासाठी न थांबता फोन केला, ही गोष्टही नोंदवण्याजोगी आहे.

बाळाची प्रकृती स्थिरावल्यावर पाठीच्या कण्यातील द्रव तपासला. मेंदूच्या आवरणांपर्यंत संसर्ग गेलेला नव्हता. सोळाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. दूध ७२ तासांनी पुन्हा सुरू झाले, आणि त्या मधल्या काळात आईचे दूध आटू नये म्हणून स्तनपान समुपदेशक दिवसातून तीनदा तिच्याजवळ बसल्या. आई त्या दिवसांत रोज आठ वेळा दूध काढून साठवत होती, आणि ज्या बाळासाठी ते काढायचे त्याला त्यातला थेंबही देता येत नव्हता. हे काम किती कठीण असते, ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रतिजैविके १४ दिवस चालली. ६७ व्या दिवशी, ३७ आठवडे पूर्ण होताना, १,९८० ग्रॅम वजनावर बाळ घरी गेले. डोक्याची सोनोग्राफी ठीक होती, डोळ्यांच्या पडद्यावरील बदल उपचाराविना ओसरले होते, आणि अमिकासिनने ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो म्हणून विशेष काळजीने केलेली श्रवणचाचणीही समाधानकारक आली.

आढावा

घटनेनंतर दहाव्या दिवशी आढावा बैठक झाली. दोन्ही पाळ्यांच्या परिचारिका, निवासी डॉक्टर, सल्लागार, औषधनिर्माता आणि संसर्ग-नियंत्रण परिचारिका उपस्थित होत्या. सुरुवातीलाच ठरले की कोणाची चूक, हा प्रश्न घ्यायचा नाही. कोणती माहिती केव्हा कोणाजवळ होती, एवढेच कागदावर मांडायचे. वेळापत्रक रात्री साडेनऊपासून सुरू होईल, अशी सगळ्यांची समजूत होती. ते ५ वाजून ४० मिनिटांपासून सुरू झाले, ते दिवसपाळीच्या परिचारिकेमुळे. आईचे वाक्य तिने स्वतःहून सांगितले. सांगितले नसते तर ते कोणालाही कधी कळले नसते, आणि माझ्या मते त्या बैठकीतले सर्वांत धैर्याचे बोलणे तेच होते.

बैठकीआधी सल्लागार आईशीही बोलल्या होत्या. आपण पुन्हा का सांगितले नाही, याचे आईने दिलेले उत्तर टिपणात जसेच्या तसे उतरवले आहे : “मशीनवर सगळं बरोबर दिसत होतं. आणि मी एकदा सांगितलं होतं ना.” या दोन वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रावरचा आकडा आपल्या हाताला कळलेल्या गोष्टीपेक्षा खरा, असे आईला वाटले. असे तिला वाटावे, अशीच विभागाची सारी मांडणी असते. दुसरे म्हणजे, परिचारिकेला सांगितले म्हणजे विभागाला सांगितले, अशी तिची समजूत होती, आणि ती रास्त होती. परिचारिकेच्या कानापासून तक्त्यापर्यंतचा रस्ताच नाही, हे तिला कसे ठाऊक असणार?

दिवसपाळीच्या परिचारिकेने मॉनिटर पाहून आईला धीर दिला. निवासी डॉक्टरांनी सीआरपी पाहून रात्रपाळीच्या परिचारिकेला धीर दिला. दोन्ही ठिकाणी बाळाला प्रत्यक्ष हात लावलेल्या व्यक्तीचे म्हणणे एका आकड्याशी ताडले गेले आणि आकड्याची बाजू वरचढ ठरली. सीआरपी यकृतात तयार होते आणि संसर्ग सुरू झाल्यानंतर ते रक्तात ठळकपणे वाढायला १० ते १२ तास लागतात. त्यामुळे लक्षणे दिसू लागताच घेतलेला पहिला सीआरपी सामान्य असला तरी संसर्ग नाही, असे म्हणता येत नाही. हे पाठ्यपुस्तकात असते आणि निवासी डॉक्टरांनाही ते माहीत होते. बैठकीत त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की जुळ्यांपैकी दुसऱ्या बाळाचे ठोके घसरत असताना फोनवर ‘नॉर्मल’ हा शब्द ऐकला आणि मन निश्चिंत झाले. तपासणी मागवली, ती आली, चांगली आली; तेवढ्याने एक काम संपल्यासारखे वाटले.

त्यांची बाजू मांडताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास थांबला की लगेच प्रतिजैविक, अशी सवय लागली तर त्याचे नुकसान होतेच. गरज नसताना लांबलेल्या प्रतिजैविकांनी आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, आतड्याला सूज येऊन ते सडण्याच्या आजाराचा धोका वाढतो, आणि विभागात औषधांना न जुमानणारे जंतू घर करतात. डॉक्टरांचा संयम अज्ञानातून आलेला नव्हता. तो चुकीच्या टप्प्यावर वापरला गेला. संशय आल्यावर कल्चर घेऊन औषध सुरू करायचे आणि ३६ ते ४८ तासांत कल्चर नकारात्मक राहिला व बाळ सुधारले, तर ते धीटपणे बंद करायचे. संयम दाखवायचा तो या बंद करण्याच्या टप्प्यावर. या विभागात सुरू करायला लोक कचरत होते आणि एकदा सुरू केलेले बंद करायलाही कचरत होते. दोन्हींवर एकत्रच काम करावे लागले.

पिक लाइनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण ते टाळताही येणार नाही. कल्चर सकारात्मक आला होता आणि संसर्गाचे मूळ लाइनच असण्याची शक्यता सर्वांत मोठी होती. लाइन त्याच सकाळी निघाली असती तर संसर्ग टळलाच असता, असे म्हणता येत नाही, कारण जंतू त्याआधीच शिरलेले असू शकतात. तरी ‘उद्या काढू’ या निर्णयामागे एकही वैद्यकीय कारण नोंदलेले नव्हते, हे सगळ्यांनी मान्य केले. आता राउंडमध्ये प्रत्येक बाळाजवळ लाइन आज कशासाठी हवी आहे, हे मोठ्याने सांगावे लागते. कारण सांगता आले नाही तर ती त्याच राउंडमध्ये काढली जाते. लाइनच्या तोंडाशी औषध जोडताना १५ सेकंद घासून पुसण्याची पद्धत आधीपासून होती. संसर्ग-नियंत्रण परिचारिकेने आठवडाभर घड्याळ लावून पाहिले, तेव्हा घाईच्या वेळी ते पाच-सहा सेकंदांतच उरकले जात असल्याचे दिसले.

बदल झाले ते किरकोळ दिसणारे आहेत. तक्त्यात तापमानाच्या शेजारी दोन नवे रकाने आले. एकात पेटीतील हवेचे तापमान दर तासाला लिहायचे, दुसऱ्यात पालकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवायचे. शब्द त्यांचेच असावेत, यासाठी रात्रपाळीच्या परिचारिकेने आग्रह धरला. ‘बाळ मलूल’ असे लिहिले की ते नेहमीचेच वाटते. ‘बोट धरत नाही’ असे लिहिले की वाचणारा पेटीजवळ जाऊन स्वतःचे बोट बाळाच्या मुठीत घालून पाहतो. हँडओव्हर आता पेटीजवळच होते आणि आई किंवा वडील उपस्थित असतील तर त्यांना शेवटी विचारले जाते की कालच्यापेक्षा आज काही वेगळे वाटते का. सल्लागारांनी त्या रात्री फोनवर विचारलेला प्रश्न जवळजवळ हाच होता.

या रकान्याला विरोधही झाला. प्रत्येक आईची प्रत्येक काळजी लिहून काढली तर खरी सूचना त्या गर्दीत हरवेल, अशी शंका एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मांडली. ती निराधार नाही. पहिल्या काही आठवड्यांत रकान्यात उचकी, शिंक, झोपेत हसणे असे बरेच काही लिहिले गेले आणि त्यातल्या बहुतेक नोंदींना उत्तर म्हणून समजावून सांगण्यापलीकडे काहीच करावे लागले नाही. पण समजावून सांगताना परिचारिकेला बाळाकडे नीट पाहावे लागले, आणि पुढच्या वेळी काय सांगण्यासारखे आहे, हे आयांनाही उमगत गेले. आपल्या बाळाची नॅपी सकाळपासून हलकी लागते, असे एका वडिलांनी लिहायला लावले. नॅपी वजनकाट्यावर ठेवून पाहिली. नॅपीच्या वजनातला एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर लघवी, या हिशेबाने सहा तासांतली लघवी खरोखर निम्म्यावर आली होती.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. त्या रात्री प्रसूतिगृह आणि नवजात विभाग मिळून एकच निवासी डॉक्टर होते, आणि आजही बहुतेक रात्री तसेच असते. दुसऱ्या डॉक्टरांची मागणी बैठकीच्या टिपणासह प्रशासनाकडे लेखी गेली आहे. तोपर्यंत निवासी डॉक्टर शस्त्रक्रियागृहात गेले की पाळीप्रमुख परिचारिका सल्लागारांना तसा संदेश पाठवते, आणि ते परत येईपर्यंत विभागातला प्रत्येक फोन सरळ सल्लागारांकडे जातो.